रमिला फुईचं दार

खांडबाऱ्याच्या स्टेशनवरून बाजाराकडे वळलं की डाव्या हाताला पन्नालालशेठचं कापडाचं दुकान लागतं. पुढच्या बाजूला आता त्यांचे पुतणे तयार कपडे विकतात. मागच्या खोलीत पूर्वी साड्यांचे गठ्ठे रचलेले असत. तिथं आता भर वैशाखातही अंगात स्वेटर घालून एक बाई बसलेली असते. तिचं नाव हन्ना. खोलीत एक लोखंडी कपाट आहे, कपाटात एसीच्या गारव्यात ठेवलेला सर्व्हर आहे आणि त्या सर्व्हरच्या पोटात नऊ हजार सहाशे माणसांचं गुपित आहे.

गुपित रक्ताचं आहे. आमच्या डोंगरात सिकलसेलचा आजार घरोघरी. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि मग हाडाहाडांतून कळ निघते. ज्याच्या अंगात तो नुसता वस्तीला आहे त्याला पिवळं कार्ड मिळतं, ज्याला तो छळतो त्याला लाल. लाल कार्डवाल्याला कधी अवचित रक्ताची बाटली लागते. कोणत्या पाड्यावर कोण आहे, त्याचा गट कोणता, त्या गटाची बाटली आज कुठं ठेवलेली आहे, हे सगळं ‘उगवण’ संस्थेच्या पोर्टलवर दिसतं. संस्था पन्नालालशेठनं काढली. चौदा केंद्रांतल्या ताया दिवसभर ते पोर्टल उघडतात आणि त्यावर बघून रक्त हलवतात.

पण जे पोर्टल जीव वाचवतं तेच घर मोडूही शकतं. ‘वाकड्या रक्ताची’ हा शब्द आमच्याकडे पोरीच्या पाठीला चिकटला की सुटत नाही. म्हणून सर्व्हर राखायला हन्ना लागते.

हन्ना साजपाड्याची. डोंगराच्या कुशीत वीस-बावीस घरं आणि बांबूच्या भिंतींचं एक छोटं प्रार्थनाघर. त्या घरांना कुलूप नसतं. माणूस शेतावर गेला की दारात एक आडवी काठी ठेवतो. काठी म्हणजे घरात कोणी नाही, पाऊल टाकू नको. आणि कोणी टाकत नाही. हन्नाच्या बापानं, रेंग्यानं, आयुष्यात एकदाही चावी वापरली नव्हती. मुलीनं नवापूरला कॉलेज केलं, संगणकाचा वर्ग केला आणि पुढचं सगळं मोबाईलवर बघून, चुकत, रडत स्वतःच शिकली. पहिल्या पगाराला ती घरी आली तेव्हा रेंग्यानं विचारलं, “काम काय करतेस गं?”

“दारं राखते, बा.”

“कोणाची?”

“जी दिसत नाहीत त्यांची.”

रेंग्या हसला. “मग चांगलं आहे. दिसत नाहीत ती दारं चोराला तरी कुठं दिसणार?”

पण चोराला तीच दिसतात. सर्व्हरला हजारो दारं असतात. हन्नानं कामापुरती ठेवून बाकीची बुजवली. दर आठवड्याला ती नवे अपडेट चढवी. दर संध्याकाळी सगळ्या माहितीची एक प्रत वेगळ्या डबीत घेऊन डबी सर्व्हरपासून तोडून ठेवी. आणि रोज सकाळी, चहाच्या आधी, लॉग वाची. कोण आलं, कुठून आलं, कुठवर गेलं, याच्या ओळी सर्व्हर स्वतःच लिहून ठेवतो. पाणवठ्याच्या चिखलात रेंग्या जसा बघून सांगे, ‘हा ससा, ही डुकरीण, हिच्याबरोबर पिल्लं आहेत,’ तशी ती त्या ओळी वाचून सांगे, ‘ही धानोऱ्याची रेवाबाई, ही म्हसावदची ताई, आज घाईत आहे.’ तिला माणसं पावलांवरून ओळखू येत.

एवढी शहाणी बाई. आणि एक दार तिनं स्वतःच्या हातानं उघडं ठेवलं होतं.

ते दार रमिलाबाईचं. आमच्याकडे बापाच्या बहिणीला फुई म्हणतात. रमिलाबाई हन्नाची फुई. पोर्टल नव्हतं, संस्थेला पाटी नव्हती, तेव्हापासून ही बाई खांद्याला पिशवी लावून डोंगर चढत होती. बोटाला सुई टोचायची, कागदावर थेंब घ्यायचा, नाव लिहायचं आणि उठताना प्रत्येक उंबऱ्यावर एकच वाक्य बोलायचं, “हे नाव माझ्याबरोबर आलं, माझ्याबरोबरच राहील.” लोकांनी संस्थेवर कधी विश्वास ठेवला नव्हता. त्यांनी रमिलावर ठेवला होता. पोर्टल झालं तेव्हा पहिला आयडी तिला दिला. बाकीच्या तायांना आपापल्या केंद्राचीच नावं दिसत. रमिलाबाईला सगळी दिसत, कारण सगळी तिनंच आणली होती.

तीन वर्षांपूर्वी, कार्तिकाच्या तोंडावर, तापानं आठ दिवसांत ती गेली.

माणूस गेला की त्याचा आयडी त्याच दिवशी बंद करायचा, हा या कामाचा पहिला धडा. हन्नाला तो पाठ होता. ती बंद करायला बसलीही होती. पण त्या वर्षी कार्तिकात नवं धान्य आलं आणि चौदाही केंद्रांच्या ताया खांडबाऱ्याला जमल्या. आमच्या डोंगरात, देवळात जाणारा असो की प्रार्थनाघरात, नव्या धान्याचा पहिला घास गेलेल्या माणसाला दाखवल्याशिवाय कोणी ताटाला हात लावत नाही. धानोऱ्याची रेवाबाई म्हणाली, “हन्ना वं, रमिलाले घास कसा देवाना? ती ते आठेच शे, या डब्बामा.” आणि मग ठरलं. नवं धान्य आलं की त्या हंगामातलं पहिलं नाव रमिलाबाईच्या आयडीनं चढवायचं. घास तोच.

दुसऱ्या वर्षी हन्नानं पोर्टलला ओटीपीची कडी घातली. पासवर्ड टाकला तरी मोबाईलवर आकडा आल्याशिवाय कोणाला आत येता येणार नव्हतं. रमिलाबाईचा आकडा कुठल्या मोबाईलवर जाणार? तो फोन तर तिच्याबरोबर मातीत ठेवला होता. हन्नानं त्या एका आयडीला कडीतून सूट दिली. पुण्याहून तपासणीला आलेल्या माणसानं यादीवर बोट ठेवून विचारलं, “ह्या रमिलाबाई अजून कामावर आहेत?” हन्ना म्हणाली, “आहेत.” तिला ते खोटं वाटलं नाही.

यंदाचा कार्तिक. बाजाराचा दिवस. बाहेर मिरच्यांचे ढीग लागले होते आणि दुकानाच्या पुढच्या भागातून गिऱ्हाइकांचा कलकलाट येत होता. हन्ना थोडी उशिरा पोचली. नऊ वाजून एकवीस मिनिटांनी तिनं लॉग उघडला. सगळ्यात वर ओळ होती: रमिलाबाई आत आल्या, नऊ वाजून दोन मिनिटं. अजून आत आहेत.

 हन्नाला माहीत होतं की हंगाम तोच आहे. कोणत्या तरी ताईनं घास चढवायला घेतला असणार आणि कळवायचं विसरली असणार. पण ते नाव पडद्यावर जिवंत, हिरव्या ठिपक्यासह बघितलं आणि तिचा ऊर भरून आला. तिनं चपला काढल्या. हात जोडले. फुईला मनातल्या मनात वर्षभराचं सांगितलं. प्रिस्किलाचं ठरलंय. मुलगा सोनगढकडचा आहे. फुई, तुझी पोर सुखात पडेल असं वाटतंय.

मग तिनं चहा सांगितला. चहा आला. तो प्यायला घेऊन तिनं फुई काय करतेय ते बघावं म्हणून खालच्या ओळी उघडल्या.

ओळी पळत होत्या.

एक नाव उघडलं, मिटलं. दुसरं उघडलं, मिटलं. सेकंदाला एक. माणूस असं वाचत नाही. माणूस थांबतो, चुकतो, मागे येतो. ह्या पावलांना टाच नव्हती. गावं क्रमानं चालली होती, एक, दोन, तीन करत, आणि आता तेविसावं चालू होतं. कोणी तरी रमिलाबाईचं कातडं पांघरून घरोघर फिरत होतं आणि प्रत्येक घरातलं नाव पिशवीत घालत होतं.

 आयडी बंद करायची बटणं शोधत बसायला वेळ नव्हता. तिनं कपाट उघडलं आणि इंटरनेटची पिवळी तार धरून ओढली. नऊ वाजून छत्तीस मिनिटं. ओळी थांबल्या.

खोलीत फक्त पंख्यांची घरघर राहिली.

तार काढली म्हणजे चोराचं दार बंद झालं, तसं चौदा केंद्रांचंही झालं. चार मिनिटांत फोन वाजला. धानोऱ्याची रेवाबाई होती.

“हन्ना वं, तुन्हं पोर्टल झोपी गयं का? बाजार करी ऱ्हायनी का तू?”

“रेवाबाई, तू आज रमिला फुईच्या नावानं आत आली होतीस का?”

“मी? नही वं. घास रविवारले देवाना ठरेल शे ना. काबर?”

हन्नानं हातातली पिवळी तार खाली ठेवली.

“बरं, ते ऱ्हाऊ दे. आठे गोवाल येल शे, लाल कार्डवाला. निस्ता तडफडी ऱ्हायना. बी पॉझिटिव्ह कोठे शे ते सांग, लवकर!”

हन्नानं काल संध्याकाळची डबी दुसऱ्या, इंटरनेट नसलेल्या संगणकाला लावली. डोळ्यांतलं पाणी बाहीनं पुसत तिनं वाचून सांगितलं. नवापूरला दोन बाटल्या, कालच्या हिशेबानं. आधी फोन करून विचार. त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत चौदा केंद्रांशी ती अशीच तोंडी बोलत राहिली. एका कानाला फोन, आणि दुसऱ्या हातानं कागदावर ती मोजत होती. चौतीस मिनिटं. मिनिटाला साठ. दोन हजार चाळीस नावं.

सरकारी ठिकाणी अशी घटना सहा तासांच्या आत कळवायची असते. तिनं कळवली. चोराचा माग काढला तर तो तिसऱ्याच देशातल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर जाऊन संपला. पुढं पाऊल नाही, वास नाही. कोणाचा धमकीचा संदेश आला नाही, कोणी पैसे मागितले नाहीत. मागितले असते तर निदान चोराला तोंड आहे एवढं तरी कळलं असतं. पासवर्ड कुठून फुटला तेही कधी कळलं नाही. चौदा जणींना तो माहीत होता. चौदा फोन, चौदा वह्या, चौदा घरं.

चारच्या सुमारास पन्नालालशेठ आले. ऐंशीच्या घरातला माणूस, काठी टेकत आला आणि साड्यांच्या जुन्या फळीवर बसला.

“काय व्हयनं, बेटा? पुढे पोऱ्हे म्हनतस, हन्ना रडी ऱ्हायनी.”

तिनं सगळं सांगितलं. सूट दिल्याचं, तपासनिसाला ‘आहेत’ म्हटल्याचं, चहाचं. काही गाळलं नाही.

म्हाताऱ्यानं काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली. मग म्हणाला, “कोनले सांगू नको.”

“शेठजी, लोकांना सांगावं लागेल. त्यांची नावं आहेत.”

“सांगशी ते काय व्हई? लोके कार्ड फाडी टाकतीन. मंग कोन ई रक्त लेवाले? तू देखेल नही. मी देखेल शे. पोर्टल नव्हतं तधळ लोके कळ दाबी दाबी मरेत, पन नाव लिखू देत नव्हतात.”

ते खोटं नव्हतं, आणि हीच तिची फाशी होती. सांगितलं तर माणसं भिऊन रक्ताविना मरतील. नाही सांगितलं तर एक दिवस कुठल्या तरी मोबाईलवर ती यादी उमटेल आणि पोरींना कळणारही नाही की दगड कुठून आला. हन्ना दोन दिवस त्या खोलीतून जेमतेम हलली. पोर्टल बंदच होतं; केंद्रांना ती डबीत बघून फोनवर सांगत होती. सर्व्हर नखशिखांत तपासला. चोर पोर्टलच्या दारातून आला होता, तेवढ्यातच फिरला होता, भिंत कुठं फोडली नव्हती. फोडायची गरजच नव्हती. तिनं चौदाही तायांचे पासवर्ड बदलले, एका मिनिटात कोणाला वीसपेक्षा जास्त नावं उघडता येणार नाहीत असा अडसर घातला. हे सगळं आधी का केलं नाहीस, असं प्रत्येक अडसर तिला विचारत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं गेलेल्या नावांची यादी वेळेसकट समोर घेतली. साजपाडा सतराव्या क्रमांकाचा. तिचं बोट खाली खाली गेलं. फुईनं गावातल्या सगळ्यांची नावं आधी घेतली होती आणि आपल्या लेकीचं सगळ्यात शेवटी. ते तिथं होतं. प्रिस्किला, लाल कार्ड. उघडलं नऊ वाजून एकोणतीस मिनिटांनी.

नऊ एकोणतीसला हन्ना कपाटासमोर अनवाणी उभी राहून, हात जोडून, हिच्याच लग्नाची गोष्ट हिच्या मेलेल्या आईला सांगत होती.

ती जमिनीवर बसली आणि तिच्या तोंडून आवाज निघाला, तो पुढं दुकानात कपडे बघणाऱ्या बायांनाही ऐकू गेला.

तिसऱ्या दिवशी पोर्टल परत उघडायचं तर एक काम उरलं होतं. पन्नालालशेठ सकाळीच येऊन बसले होते. पडद्यावर रमिलाबाईचा आयडी होता आणि त्याच्यापुढं ‘कायमचा बंद करा’ असं बटण. हन्नाचा हात बटणापर्यंत जाई आणि परत येई. तीन वर्षांपूर्वी पेटीवर माती टाकताना तो असा अडला नव्हता.

म्हातारा हळूच म्हणाला, “रमिला ऱ्हाती, ते तिनी काय करं असतं?”

“आयडी बंद केला असता. आणि पिशवी घेऊन निघाली असती. ज्यांची नावं गेली त्यांच्या प्रत्येक उंबऱ्यावर.”

“लोके दगड मारतीन.”

“तिला पण मारले होते की, पहिल्या वर्षी.”

पन्नालालशेठनं काठी जवळ ओढली. ‘जा’ म्हणाले नाहीत आणि ‘नको’ही म्हणाले नाहीत. हन्नानं बटण दाबलं. सर्व्हरनं आपल्या सवयीनं एक ओळ लिहिली: रमिलाबाई बंद. बंद करणारी, हन्ना. मग तिनं पिवळी तार पुन्हा खोचली. केंद्रांचे हिरवे ठिपके एकेक करून उगवले. चौदा. आता पंधरावा कधीच उगवणार नव्हता.

दुपारच्या गाडीनं ती फाट्यावर उतरली आणि साजपाड्याची चढण चढली. घराघरांपुढं भात झोडपणं चाललं होतं. प्रिस्किला ओट्यावर शिलाई मशीनवर वाकलेली होती. स्वतःच्याच लग्नाचा परकर शिवत होती. हन्नाताईला बघून ती हसली, “आज सुट्टी? की बरणीतलं लोणचं संपलं म्हणून आलीस?”

हन्ना ओट्याखाली मातीतच बसली. ओट्यावर चढायचा हक्क आपल्याला उरला नाही, असं तिला वाटलं. तिथूनच तिनं सांगितलं. नऊ एकोणतीस तेवढं जिभेवर अडलं, पण तेही तिनं सांगितलं.

मशीनचं चाक हळूहळू थांबलं.

“त्याला ठाऊक आहे माझं,” प्रिस्किला म्हणाली. “त्याच्या आईला नाही.”

“आज ना उद्या कळू शकेल. कळणारही नाही कदाचित. मला सांगता येत नाही गं. मला काहीच सांगता येत नाही.”

“चोराला आत कसं येता आलं?”

“कुठून फुटला ते कळलं नाही. पण फुईचा पासवर्ड सोपा होता. मी बदलू दिला नाही.”

“काय होता?”

हन्नानं मान वर केली. तीन वर्षांत हे पोरीला कोणीच सांगितलं नव्हतं. “तुझं नाव. पुढं तुझं जन्मसाल.”

 प्रिस्किला ओट्यावरून उतरली, हन्नाच्या हातातून मोबाईल घेतला आणि पोर्टल उघडलं. आईचा आयडी लिहिला. मग एकेक अक्षर जपून दाबत स्वतःचं नाव, आणि साल. पडद्यावर लाल ओळ आली: प्रवेश नाही.

“मी बंद केलंय, प्रिस्किला.”

“थांब.”

तिनं परत लिहिलं. नाव. साल. प्रवेश नाही. तिसऱ्यांदा लिहिलं. मग सर्व्हरनं हन्नाच्याच नव्या नियमाप्रमाणं काही काळ थांबायला सांगितलं.

प्रिस्किलानं मोबाईल परत दिला. घरात गेली. हन्नाला वाटलं आता दार लागेल. तेवढ्यात ती बाहेर आली. उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून ठेवलेली काठी उचलून तिनं दारात आडवी ठेवली, आणि ताईकडे न बघता मागच्या वाटेनं, भाताच्या खाचरांतून, एकटीच डोंगराकडे चालती झाली. ती लहान होत गेली तरी हन्ना बघत राहिली. 

उन्हं कलली तेव्हा ती उठली. पिशवीतून यादी काढली. साजपाड्यात अजून तीस नावं होती. शेजारच्या अंगणात रेंग्याच्या वयाचा दलसिंग भाताची पेंढी बांधत होता आणि इतका वेळ इकडेच बघत होता. त्याच्या नातीचं नाव यादीत नऊ अठ्ठावीसला होतं.

“ये गं रमिलाची भाची,” तो म्हणाला. “पाणी घे. काय आणलंस?”

हन्नानं अंगणात पाऊल टाकलं. ‘नाव माझ्याबरोबरच राहील’ हे फुईचं वाक्य तिला आता बोलता येणार नव्हतं. आणि त्याच्याऐवजी दुसरं वाक्य अजून कोणी केलेलं नव्हतं.